आधी कोण जातं

तांबे सरांनी जर्नल टेबलावरून असं सरकवलं, की ते खाली पडता पडता अक्षदाने धरलं.

"आउटपुट चूक आहे. बदलून आण, मग सही."

"सर, मी रन करून लिहिलंय."

"मग बाकीच्या अठ्ठावन्न जणांनी काय झोपेत लिहिलंय?"

झोपेतच लिहिलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर सही मिळाली नसती, आणि जर्नलवर सही नसेल तर सोमवारच्या प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. म्हणजे विषय राहिला, वर्ष अडकलं. अक्षदा गप्प बसली. गप्प बसून समोरच्याला मूर्ख म्हणायची कला तिला शाळेपासून अवगत होती.

प्रोग्रॅम जेमतेम वीस ओळींचा. पॅरेंट नावाचा एक क्लास, त्याच्यापासून निघालेला चाइल्ड नावाचा दुसरा. चाइल्डचा ऑब्जेक्ट तयार झाला की कोण आलं ते पडद्यावर उमटतं, तो संपला की कोण गेलं ते. येताना आधी पॅरेंट, मग चाइल्ड. जाताना मात्र आधी चाइल्ड, मग पॅरेंट. घर बांधताना पाया आधी घालतात आणि पाडताना तो शेवटी उखडतात, त्यातलाच प्रकार. पण कल्याणच्या या कॉलेजात कुणा महाभागाने कधीकाळी प्रोग्रॅम चालवायचे कष्ट न घेता आउटपुट डोक्यातून लिहिलं होतं: आधी पॅरेंट गेला, मग चाइल्ड. सरांनी त्यावर सही ठोकली. त्याचं जर्नल ज्युनिअरने उतरवलं, त्याचं त्याच्या ज्युनिअरने, आणि ती चूक दरवर्षी नव्या वहीत, सुवाच्य अक्षरात, पहिल्या वर्गात पास होत आली.

"मशीनवर उलटं येतं, सर."

"मशीन बिघडलं असेल. अगं, साधी गोष्ट आहे. आधी बाप जातो, मग पोरगा. जगाची रीत आहे की नाही?"

मागची रांग हसली. आपण फार मोठा विनोद केला असं वाटून सरही हसले. हा माणूस बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवतो, अक्षदाच्या मनात आलं, आणि कॉम्प्युटरला विचारायचं सोडून जगाला विचारतो. तिने जर्नल बॅगेत कोंबलं.

वर्गातला सर्वेश तिच्यामागून जिना उतरला.

"ए, बदल ना यार. तुझं काय जातंय?"

"चूक लिहू?"

"सोमवारी बाहेरून येणाऱ्या एक्स्टर्नलने तुझी वही आमच्या बाजूला ठेवून बघितली, तर सगळ्यांची वाट लागेल. तुझ्या एकटीच्या शाणपणामुळे."

"मग तुम्ही बदला."

"अठ्ठावन्न जणांनी?" सर्वेश खरोखरच चकित झाला. "जाम अ‍ॅटिट्यूड देते तू."

देत होतीच. का देऊ नये? सर्वेशला क्लासची व्याख्या तोंडपाठ होती, पण त्याने स्वतःच्या हाताने एकही क्लास लिहिला नव्हता. बाकीच्यांची बुद्धी वहीच्या कव्हरावर स्टिकर चिकटवण्यात खर्च झाली होती. आंबिवलीच्या घरी, मामाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर तिने तो प्रोग्रॅम नऊ वेळा चालवला होता. मशीनने एकदाही शब्द फिरवला नव्हता. असं माणूस तिच्या बघण्यात नव्हतं.

शनिवारी दुपारी ती पुन्हा लॅबमध्ये गेली. जर्नल होतं तसंच होतं. तांबे सर एकटेच डबा खात बसले होते. त्यांनी ते पान बघितलं आणि बराच वेळ घास चावत राहिले.

"दाखव," ते म्हणाले.

तिने प्रोग्रॅम टाइप केला, चालवला.

"परत."

पुन्हा तेच आलं. सरांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि एकेका बोटाने अक्षरं शोधत सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. तेच आलं. मग त्यांनी तिच्या जर्नलवर सही केली, तारीख घातली आणि डब्याकडे वळले.

"सही दिली," घरी तिने आईला सांगितलं, "पण 'बरोबर आहेस' म्हणायला जीभ रेटली नाही. असली माणसं."

सोमवारी ठाण्याहून आलेले एक्स्टर्नल पाच-पाच जणांना बोलावून तोंडी घेत होते. चहा पीत पीत त्यांनी जर्नलं चाळली आणि अक्षदाच्या वहीवर थांबले.

"हे काय? सगळ्यांचं वेगळं आणि तुझंच असं. रन न करता लिहिलंस ना?"

अक्षदाने तोंड उघडलं.

"वाद नकोय. एकच विचारतो. आधी कोण जातं?"

त्यांच्या हातात लाल पेन होतं आणि गुणांच्या कागदावर तिच्या नंबरापुढची चौकट रिकामी होती. शेजारी सर्वेश उभा होता. टेबलाच्या कडेला बसलेले तांबे सर बशीतल्या बिस्किटांकडे बघत होते. हा काय बोलणार, अक्षदाच्या मनात आलं.

"आधी पॅरेंट, सर," ती म्हणाली. "लिहिताना माझी चूक झाली."

"आता कसं बोललीस," म्हणत एक्स्टर्नलने पेन टेकवलं.

"थांबा," तांबे सर म्हणाले. "वहीत आहे ते बरोबर आहे. आत्ता बोलली ते चूक."

"अहो, बाकीच्या अठ्ठावन्न वह्या..."

"त्या सगळ्या चूक आहेत. सह्या माझ्या आहेत. इतकी वर्षं मी बघितलंच नाही." त्यांचे कान लाल झाले होते. सर्वेशने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भर परीक्षेत शर्ट काढला. "मशीन चालू आहे. अक्षदा, यांना चालवून दाखव."

ती जाऊन बसली. वीस ओळी तिला पाठ होत्या. पहिलीच ओळ चुकली. तिने ती खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा चुकली. पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली होती.

तांबे सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"सावकाश," ते म्हणाले. "होतं असं."

त्या आवाजात ती तुच्छता शोधत राहिली. तिला ती कुठेच सापडेना.