पुस्तक्याची फेरी

मुंगीच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

मुंगी म्हणजे माझी पुतणी, दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती सदा ट्रॅक्टरवर चढलेली असायची, म्हणून दादाने हे नाव ठेवलं; सदा पुस्तकात डोकं खुपसलेला म्हणून मी पुस्तक्या. पत्र तिने वायुदलाच्या उड्डाणशाळेतून पाठवलं होतं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं होतं.

'पुस्तक्याकाका,' तिने लिहिलं होतं, 'आज आमच्या शिक्षकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मला वाटलं, मेले! पण ते म्हणाले, विमानाभोवती फेरी कशी मारायची ते हिच्याकडून शिका. उड्डाणाआधी आम्हाला विमानाभोवती फिरून सगळं तपासावं लागतं. बाकीचे बघत बघत जातात. मी हात लावते आणि मोठ्याने बोलते. ही कुठली पद्धत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या शेतावरची, पुस्तक्याची फेरी. सगळे हसले. काका, फेरीला हे नाव कसं पडलं हो? बाबा म्हणतात, त्यालाच विचार. लवकर कळवा.'

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. चार-पाचदा बसलो. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. दुसऱ्याची चूक मला पान उलटता उलटता दिसते. स्वतःची एक चूक मात्र कागदावर उतरेना.

ती अशी. मी एकोणीस वर्षांचा होतो. ट्रॅक्टरचं मागचं चाक पंक्चर झालं होतं. ते दुरुस्त होऊन आल्यावर दादाने बसवलं, आठही नट हाताने फिरवून ठेवले आणि पान्याने आवळायला मला सांगून तो बियाणं आणायला गेला. मी तीन आवळले. खिशात एक कादंबरी होती, तिची शेवटची वीस पानं राहिली होती. एवढं संपवू आणि उठू, म्हणून झाडाखाली बसलो. दादा परत आला. "झालं का रे?" म्हणाला. मी मान वर न करता "हो" म्हणालो.

कालव्याच्या उतारावर चाक निखळलं, ट्रॅक्टर कलंडला. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. तो अजून लंगडतो.

घरात त्याने सांगितलं, "माती खचली." मला एका शब्दाने बोलला नाही. पण हिंडू-फिरू लागल्यावर त्याने नियम केला. ट्रॅक्टर चालू करण्याआधी प्रत्येकाने त्याच्याभोवती एक फेरी मारायची, एकेका नटाला हात लावायचा आणि 'हा घट्ट, हा घट्ट' असं मोठ्याने म्हणायचं. या फेरीला त्याने नाव दिलं, पुस्तक्याची फेरी. गडी हसायचे. मी मान खाली घालायचो. ही माझी शिक्षा आहे आणि ती आपल्याला जन्मभर पुरणार, असं मी समजून चाललो. पुढच्या वर्षी शहरात छापखान्यात लागलो.

मुंगी त्या फेरीतच वाढली. सात वर्षांची असताना ती वरच्या नटापर्यंत हात पोचावा म्हणून रिकामं खोकं ओढत ट्रॅक्टरभोवती फिरायची. पुढे तिने मालवाहू विमानं उडवली. डोंगरातल्या चौक्यांवर रसद पोचवली, जखमींना खाली आणलं. एका पुराच्या वेळी विमानात बेचाळीस माणसं बसलेली, पाऊस सुरू, वरून घाई करण्याचे निरोप. तरी ही खाली उतरून फेरी मारत राहिली. डाव्या चाकाच्या ब्रेकच्या नळीची जोडणी हाताला सैल लागली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ती दुरुस्त करून घेऊनच तिने उड्डाण केलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. ते कात्रण माझ्या शब्दकोशात आहे. रोज काहीतरी शोधायच्या निमित्ताने मी तो उघडतो.

पत्राचं तिने पुन्हा सरळ कधी विचारलं नाही. सुट्टीवर आली की फक्त म्हणायची, "काका, टपालवाल्यांचा संप अजून मिटला नाही वाटतं?" मी चष्मा पुसत बसायचो.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. "अरे, मुंगी त्याच उड्डाणशाळेची प्रमुख झाली! पुढच्या महिन्यात नव्या तुकडीसमोर बोलणार आहे. तुझी गोष्ट सांगणार म्हणते. माझे एक काका इतके काळजी घेणारे होते, की त्यांच्या नावाने..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी शेतावर गेलो.

वहिनी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. "या! आज पुस्तक नाही हातात? तब्येत बरी आहे ना?"

दादा शेडमध्ये बिजागऱ्यांना तेल देत होता. मी उभ्यानेच म्हणालो, "दादा, तिला सांग, माझं नाव काढून टाक म्हणावं."

"का?"

"ते का पडलं तुला माहीत आहे. मी नट आवळले नव्हते. तू टोमणा मारलास, बरोबरच केलंस. पण तिने तो शंभर पोरांसमोर कौतुक म्हणून सांगावा, हे मला सोसणार नाही."

दादाने तेलाचा डबा खाली ठेवला. "टोमणा? टोमणा मारायचा असता तर तोंडावर मारला असता. तुला काय घाबरत होतो मी?" मग ओट्याकडे बघून ओरडला, "अगं ऐकलंस का? पन्नास वर्षं हा हे घेऊन बसलाय!"

वहिनी सूप बाजूला ठेवून आल्या. अपघाताच्या वेळी त्या नव्याने घरात आलेल्या होत्या.

"भाऊजी, हे प्लॅस्टर घालून पडलेले, पेरणी अर्धी राहिलेली. कलंडलेला ट्रॅक्टर उभा करून पेरणी कोणी पुरी केली? रोज सकाळी त्याच्याभोवती कोण फिरत होतं? एकेका नटाला हात लावायचात, ओठ हलायचे. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं! मी खिडकीतून यांना सांगायचे, आज पाच फेऱ्या, आज सात."

मी म्हणालो, "भीतीने फिरत होतो."

"मग मुंगी कशाने फिरते?" दादा म्हणाला. "मी पडल्या पडल्या ऐकत होतो. म्हटलं, हे आपल्याकडे चालू ठेवायचं. ज्याने काढलं त्याचं नाव. पेरणीची तासं मात्र वाकडीच पाडली होतीस हां!"

"पण चाकाचं? तिला ते कधी का नाही सांगितलंस?"

"चूक तुझी. मी कशाला वाटत फिरू?" त्याने डबा पुन्हा उचलला. "तू सांग. अर्धी गोष्ट सांगून ती पोरं काय शिकणार?"

घरी येऊन दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो. तीन आवळलेले नट, पाच न आवळलेले, वीस पानं, माझा 'हो', दादाचा पाय, सगळं लिहिलं. पेरणीचं दोन ओळींत लिहिलं, कारण ते अजून मला पुरतं पटलेलं नाही. शेवटी लिहिलं, 'हे सगळं त्यांना सांग. माझं नाव ठेवायचं की नाही ते तू ठरव. पुराच्या दिवशी ती जोडणी तुझ्या हाताला लागली, हे वाचलं तेव्हा मी छापखान्यात खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. सगळे बघत होते. मुंगी, मला तुझा फार अभिमान आहे.' हे शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच लिहिलं.

टपालपेटीपाशी लिफाफ्याच्या चारी कडांवरून अंगठा फिरवला. तिकीट, पत्ता, डिंक. "हा घट्ट," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच. मागे उभ्या असलेल्या बाईंनी चमकून पाहिलं. मी ओशाळलो आणि पत्र आत टाकलं.