साहेबांचे थेंब

"काय खाल्लंय यानं?" डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

साहेब टेबलावर उभे होते, म्हणजे चारही पाय टेबलाला टेकलेले होते एवढंच. मधूनच ते डावीकडे कलत आणि काहीतरी आठवल्यासारखे दचकून सावरत. डोळ्यांसमोरून हात नेला की मान मागे झटकत. खालून लघवी ठिबकत होती, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. साहेब म्हणजे घरातला म्हातारा कुत्रा. समोरच्याची कागदपत्रं अपुरी आहेत अशी त्याची लहानपणापासूनची नजर, म्हणून हे नाव पडलं. आज त्या नजरेत कुणाचीच चौकशी नव्हती.

"नेहमीचंच, वेगळं काही नाही," तक्रारवाले म्हणाले.

तक्रारवाले साहेबांचे मालक, निदान परवान्यावर तरी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून त्यांचे केस पांढरे झाले होते. स्वतः त्यांनी मात्र कधी कशाची तक्रार केली नव्हती. आत्ता त्यांच्या उजवीकडे आई बसल्या होत्या आणि डावीकडे बायको. मधली खुर्ची कायम त्यांचीच असे.

"नेहमीचं खाऊन कुत्रं असं झिंगत नाही. घरात गांजा आहे का?"

आईंनी कानांवर हात ठेवले. बायको छताकडे पाहू लागली.

"गांजा! अहो, आमच्याकडे तिसरा चहा करायचा तर चर्चा होते."

"बरं. तेल? गोळ्या? थेंब?"

थेंब म्हटल्यावर तिघंही एकदम साहेबांकडे बघायला लागले.

बाटली तक्रारवाल्यांनीच आणली होती. साहेबांचे मागचे सांधे धरले होते. जिना चढताना ते मध्येच थांबत आणि आपण मुद्दामच थांबलो आहोत असा चेहरा करत. प्राण्यांच्या दुकानातला दुकानदार म्हणाला होता, "काका, हे न्या. भांगेच्या झाडाचंच आहे, पण नशेचा भाग काढलेला. शंभर टक्के नैसर्गिक." तक्रारवाल्यांनी विचारलं होतं, "पण सुरक्षित आहे ना?" "आता नैसर्गिक म्हटल्यावर?" दुकानदार म्हणाला होता. विंचूही नैसर्गिकच असतो, हे उत्तर तक्रारवाल्यांना घरी पोचल्यावर सुचलं. त्यांना उत्तरं घरी पोचल्यावरच सुचत. बाटलीवर एक हसरा कुत्रा आणि एक हसरं मांजर होतं. आत काय आणि किती आहे, हे छापायला मग जागा उरली नसावी.

"सकाळी पाच थेंब देतो," ते डॉक्टरबाईंना म्हणाले.

"देतं कोण?"

"मी," आई म्हणाल्या.

"मी," बायकोही त्याच दमात म्हणाली.

या घरात सासू-सुनेचा अबोला होता. तो फ्रिज कुठे ठेवायचा यावरून सुरू झाला. पुढे तो फ्रिज मोडीत गेला, अबोला मात्र उत्तम चालू राहिला. त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट तक्रारवाल्यांना दोनदा सांगावी लागे, एकदा आईच्या खोलीत आणि एकदा स्वयंपाकघरात. पाणी जाणार आहे, मावशी गेल्या, उद्या सुट्टी आहे, सगळं दोनदा. थेंबांचंही त्यांनी तसंच केलं. सकाळी पाच द्यायचे, असं आईला सांगितलं. सकाळी पाच द्यायचे, असं बायकोला सांगितलं. दोघींनी दिले. साहेब सुस्त पडले की आपल्या हाताला गुण आहे असं आई मनात म्हणत, आणि बायकोही तेच म्हणे. इतकी वर्षं एकाच छपराखाली काढून दोघींचं एकमत झालं ते या एका बाबतीत, आणि तेही एकमेकींना कळलं नाही.

"म्हणजे रोज दहा?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग आई टेबलाकडे वळल्या. "साहेब, डॉक्टरांना सांगा, पाचांनी काही फरक दिसेना, म्हणून मी आठ केले."

"साहेब, त्यांना सांगा," बायको म्हणाली, "मी दहा केले. आणि रात्रीही देत होते."

साहेब उजवीकडे कलले.

"तुम्ही कुणाशी बोलताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

एकमेकींशी जे बोलायचं ते साहेबांमार्फत, अशी घरची पद्धत होती. तक्रारवाले कचेरीत असताना दुसरा माणूस कुठून आणायचा? "साहेब, दूध उतू चाललंय म्हणावं." "साहेब, दिसतंय म्हणावं." घरात दोघींकडूनही अहो-जाहो ऐकायला मिळे ते एकट्या साहेबांना.

डॉक्टरबाईंनी बाटली मागवली, उजेडात धरली, आणि एखाद्या कंटाळलेल्या परीक्षकासारखी खाली ठेवली. "यात नशेचा भाग काढलेला आहे, असं यावर लिहिलंय. काढलेला नाही, हे तुमचा कुत्रा सांगतोय. मी कुत्र्यावर विश्वास ठेवते."

"पण एरवी हे सुरक्षित असतं ना?" तक्रारवाल्यांनी विचारलं.

"हा प्रश्न मला रोज विचारतात. देऊन झाल्यावर." त्यांचा आवाज चढला. "मला माहीत नाही! काही कुत्र्यांच्या दुखण्याला आराम पडलेला दिसतो. काहींच्या लिव्हरचे आकडे वाढलेले दिसतात. दुसरं औषध चालू असेल तर त्याच्याशी भांडण होतं. मांजरांचा तर अभ्यासच फार थोडा झालाय. आणि बाटलीवर लिहिलेलंच बाटलीत असेल, याची खात्री कोण देणार? मी 'माहीत नाही' म्हटलं की लोक उठून दुकानात जातात, तिथे सगळं माहीत असतं."

दुपारभर साहेबांना सलाइन लावून अंधाऱ्या खोलीत ठेवलं. संध्याकाळी ते शुद्धीवर होते, पण मान धरत नव्हते.

"बहुतेक उतरेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण वय झालंय, मी शब्द देत नाही. डोकं जरा उचलून, चमच्याने, घोट घोट पाणी. घाई केलीत तर श्वासनलिकेत जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. किती पाजलं, हे सगळ्यांना माहीत पाहिजे. कोण बघणार?"

आईंनी तक्रारवाल्यांकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

"बघतो," तक्रारवाले म्हणाले. खिडकीमागे ते रोज हेच म्हणत.

"काय बघता?"

आणि तक्रारवाले उभे राहिले. "काय बघू?" ते ओरडले. बाहेर कुणाचं तरी मांजर पिंजऱ्यात फिस्कारलं. "इकडे सांगू, मग तिकडे सांगू! मीच सांगितलं ना दोनदा? म्हणूनच झालं हे! आता एक शब्द दोनदा सांगणार नाही. मेलो तरी एकदाच मरेन, ज्यांना ऐकायचंय त्यांनी तेव्हा हजर राहा!"

शेवटचं वाक्य जरा भरकटलं होतं, पण कुणी हसलं नाही.

घरी त्यांनी साहेबांना हॉलमध्ये चादरीवर ठेवलं. आई आपल्या खोलीच्या दारात थांबल्या, बायको स्वयंपाकघराच्या. निरोपाची वाट पाहत. तक्रारवाल्यांनी वाटी आणि चमचा जमिनीवर मधोमध ठेवला आणि ते मागे सरले.

"साहेब," आईंनी सुरुवात केली, "तिला म्हणावं..."

साहेबांनी डोळा उघडला आणि मिटला.

पुढचं वाक्य कुठे ठेवावं हे आईंना कळेना. मग त्या गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत चादरीपाशी बसल्या. बायको दुसऱ्या बाजूला येऊन बसली. तिने साहेबांचं डोकं उचललं.

"एवढं वर नको गं, ठसका लागेल त्याला."

"मग चमचा अर्धाच भरा ना. सांडताय किती!"

"मला शिकवू नकोस. तुझ्या सासऱ्यांना मी पाजलंय शेवटी शेवटी."

"माहितीये. तेव्हा वाटी मीच धरली होती. तुम्हाला कुठे आठवायला!"

आवाज वाढत चालले. तक्रारवाले सवयीने मध्ये आले. "अगं आई, तिचं म्हणणं असं आहे की..."

"तू गप रे!" आई म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये पडू नका हो," बायको म्हणाली. "हा कितवा चमचा, आई?"

"चौथा. थांब, गिळू दे."

साहेबांचा घसा हलला. दोघी वाकून बघत राहिल्या.

तक्रारवाले बाहेर जिन्यात येऊन पायरीवर बसले. साहेबांचा पट्टा अजून त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. आतून भांडणाचा आवाज येत होता, शब्द नीट कळत नव्हते. कुणीतरी हाक मारेल म्हणून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.