पिवळ्या दांड्यांचा भाता

मी एक जुना भाता आहे. मित्रांनो, मी नसतो तर मुलुंडची औद्योगिक प्रगती खुंटली असती. निदान मुलुंडच्या एका औषध कारखान्यातल्या एका पाइपची तरी. ती एकूण दीड इंच होती.

वाफ शिरली की लोखंडी पाइप तापून लांब होतो. त्याला मध्ये जागा द्यावी लागते. ती मी देतो. पातळ स्टीलच्या नळीत पाण्याचा दाब भरून माझ्या अंगावर वळ्या पाडल्या. पाइप लांबला की मी आखडतो, निवला की पसरतो. बिलावर मी 'बेलोज' होतो. कारखान्यात माझा भाता झाला, जरी मी आजवर एकाही शेगडीला वारा घातलेला नाही.

आमचं घराणं मोठं गुणी. मी सरळमार्गी, आहे त्याच रेषेत आखडणारा. जोडभाता बाजूला सरकतो. बिजागरीवाला दारासारखा एकाच अंगाने वळतो. गिंबलवाला लग्नातल्या मामासारखा चारही बाजूंना मान डोलावतो. रबरी चुलतभाऊ पंपाशेजारी बसून त्याची सगळी थरथर पोटात घालतो.

१९८२ साली काशीराम फोरमनने मला बसवलं. वस्तू जपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रवासात मी हलू नये म्हणून माझ्या दोन्ही अंगांना पिवळे दांडे नटांनी आवळलेले होते. बसवल्यावर ते काढायचे असतात. काशीरामने त्यांना तेल लावलं.

वाफ सोडली. पाइप लांबू लागला आणि मला आखडता येईना. पाइप कमानीसारखा वाकला, पलीकडचा जोड फुसफुसू लागला. त्याच्या बरोबर खाली नलिनीबाई बाटल्या खोक्यांत भरत होत्या.

लांब मढ बेटावरून रोज येणारा फिटर हर्बर्ट वर बघून म्हणाला, "काशीराम, ते पिवळे दांडे काढ रे."

"कंपनीने लावलेत, आपण कोण काढणारे? माझ्या टीव्हीचं प्लास्टिक अजून तसंच आहे. एक ओरखडा नाय."

"टीव्ही तापला म्हणून लांब होतो काय? हा जोड सुटला तर नलिनीबाई भाजतील."

कढत पाण्याचा थेंब खोक्यावर पडला. नलिनीबाईंनी खोकं बाजूला घेतलं. "काशीरामभाऊ, तुमचं ठरेपर्यंत मी टेबल उचलून मढला नेऊ का?"

काशीरामने त्या थेंबाकडे पाहिलं, आणि स्वतः धावत जाऊन वाफ बंद केली. पाइप निवल्यावर हर्बर्टने शिडीवर चढून नट सोडले. पुन्हा वाफ आली तेव्हा मी दीड इंच आखडलो. जोड गप्प झाला.

"झकास," हर्बर्ट म्हणाला. नलिनीबाईंनी टेबल जागच्या जागी सरकवलं. एवढा मोठा सत्कार माझ्या घराण्यात कुणाचा झाला नसेल.

सहा वर्षं मी रोज आखडलो आणि पसरलो. मग नवी लाइन आली. मी भंगारात जाणार, तेवढ्यात निवृत्त होणाऱ्या काशीरामने मला मागून घेतलं. आता मी भांडुपला त्याच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या शेजारी असतो. तो पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, "याला मोकळं सोडावं लागतं. अडवलं की वाट लागली."

मित्रांनो, ज्याला हलायचं आहे त्याला हलू द्या, हे मी तुम्हाला काय सांगू? काशीराम ते माझ्यापेक्षा छान सांगतो. फक्त बोटांचे डाग पडतात म्हणून त्याने मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून सुतळी आवळली आहे. कधी त्याच्या घरी गेलात, तर तेवढी गाठ सोडा.