चुडाव्याच्या लग्नातला धूर

मित्रांनो, मी पाथरीच्या ईश्वरअप्पांचा जुना मंडप आहे. जाड कापडाला दुहेरी शिलाई मारून परभणीच्या शिंप्यानं मला घडवलं. नवा होतो तेव्हा माझ्या लाल-पिवळ्या पट्ट्यांकडे माणसं मान वर करून बघत. आता उन्हानं लाल रंग विटकरी झाला आहे.

अप्पांची रीत ठाम. लग्नाचं काम मिळालं की जागेवर चुन्यानं आखणी करायची. इथं बोहलं, इथं आचाऱ्याची भट्टी. पुढं त्यात बोटभर बदल नाही. त्यांची लेक धनश्री पुण्याच्या कंपनीत कामांचं नियोजन शिकून आलेली. ती म्हणे, "अप्पा, थोडं करायचं, बघायचं, मग पुढचं ठरवायचं."

"वऱ्हाडाला बी थोडं थोडं बोलवायचं का?" अप्पा विचारत.

चुडाव्याच्या मुंजाजींची लेक अपेक्षा हिचं लग्न वैशाखात होतं. अप्पांनी आखणी दिवाळीतच उरकली. तेव्हा वारा पूर्वेचा, म्हणून भट्टी पश्चिमेला. वैशाखात वारा फिरला. धनश्री आदल्या दिवशी म्हणाली, "भट्टी हलवू."

"ठरलं म्हंजे ठरलं!"

मंगलाष्टकं सुरू झाली आणि भट्टीचा सगळा धूर माझ्या पोटात शिरला. भटजींचं "शुभमंगल" कसंबसं बाहेर पडे, "सावधान" खोकल्यात बुडे. नवरदेवाच्या आईचे डोळे वाहू लागले. नवरीची मावशी कडूबाई गहिवरून म्हणाली, "सुनंवर किती जीव हाय बाईचा!" एवढ्यात नवरदेवच तोंड दाबून बाहेर धावला.

"नवरदेव पळाला!" कुणीतरी ओरडलं. मुंजाजी मटकन खाली बसले.

धनश्रीनं पूर्वेच्या कापडी कनाती सोडवून पश्चिमेला दुहेरी बांधल्या. धूर अडला. पण पोरीला आता जोर चढला. बोहलंही फिरवू, आड येणारा खांब हलवू म्हणून तिनं माझ्या मधल्या खांबाच्या दोरीला हात घातला.

अप्पांनी धावत येऊन खांबाला मिठी मारली. "कनाती कुठं बी ने! खांब हलला तर समदं वऱ्हाड दबंल!"

तेवढ्यात वावटळ आली. मी टम्म फुगलो, माझ्या शिवणी करकरल्या. धनश्रीचा चेहरा पांढरा पडला. तिनंही पलीकडून खांबाला मिठी मारली. खांब टिकला. मी टिकलो. नवरदेव तोंड धुऊन परतला आणि अक्षता पडल्या. निम्म्या खांबाला बिलगलेल्या बाप-लेकीच्याच डोक्यावर.

हल्ली अप्पा खांबांच्या जागा आधी पक्क्या करतात. भट्टीचं कुणी विचारलं तर म्हणतात, "लग्नादिशी सकाळी. धनश्री वारं बघून सांगंल."

मित्रांनो, मला भाड्यानं न्याल तेव्हा ओला असताना माझी घडी घालू नका, कापडात खिळे ठोकू नका. आणि माझ्यावरून ती दोघं भांडू लागली तर मध्ये पडू नका. गोदामात पडल्या पडल्या ते भांडण ऐकलं की मला कळतं, आपल्याला अजून एका लग्नाचं काम मिळालंय.