घडी न घातलेला कागद

मित्रांनो, वेल्समधल्या आमच्या गावी कधी आलात, तर चॅपलच्या, म्हणजे आमच्या साध्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत जरूर डोकवा. कपबश्यांच्या कपाटाशेजारी जुन्या पडद्याने झाकलेली एक वस्तू दिसेल. पाहुण्यांना ती शिलाई मशीन वाटते. ती मी, एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन. माझी शाई कधीच वाळली, पण ऐकलेले सगळे अजून आठवते.

लंडनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि पेंढ्याने भरलेल्या खोक्यातून मी या डोंगरात आले. गावच्या शाळेतल्या एलिनेद बाई मेणकागदावर टाइप करत. अक्षर चुकले की त्यावर गुलाबी औषध लावून फुंकर घालत. तो मेणकागद माझ्या ढोलावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा, की छापलेले कागद भराभर बाहेर पडत. मुलांच्या कविता मी छापल्या. ओल्या शाईचा वास घेण्यासाठी मुले तो कागद नाकाला लावत, मग वाचत. निवडणूक आली की दोन्ही पक्षांची पत्रके माझ्याच पोटातून निघत. दांडा फिरवायला मेंढपाळ इडवल असे. नावडत्या पक्षाची पत्रके तो मुद्दाम कमी शाईत काढी आणि बाई त्याला ती पुन्हा काढायला लावत.

पण माझे खरे काम होते ‘कंदील’. वेल्श भाषेतले ते गावाचे मासिक. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी सगळे या खोलीत जमत. लांब टेबलावर पानांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असत. टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलायचे, अंक जुळवायचा आणि घडी घालायची. दुकानवाली नेस्टा चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव आणी आणि त्यावर लोणी फासता फासता सगळ्यांच्या घड्यांवर नजर ठेवी.

“इडवल, अरे कागद आहे तो, मेंढी नव्हे. जरा हळू धर.”

“मेंढी निदान सांगितलेलं ऐकते,” इडवल म्हणे.

अशाच एका संध्याकाळी नेस्टा सहज म्हणाली की जिल्हा कौन्सिलच्या माणसाने दुकानात येऊन, शेजारच्या गावाला जायला बस किती वाजता आहे, असे विचारले. टेबलाच्या पलीकडून इडवलने मान वर केली. कोटात टेप घेऊन शाळेच्या अंगणाची मापे घेणारा एक माणूस त्याने सकाळीच पाहिला होता. दोघांची अर्धी अर्धी बातमी टेबलावर एकत्र आली. शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे धाडायचा बेत होता. बाईंनी तिथेच मेणकागद टाइपरायटरवर चढवला. इडवलने एवढ्या जोरात दांडा फिरवला की माझे स्क्रू खिळखिळे झाले. प्रत्येक अंकात एक जादा पान गेले. कौन्सिलच्या सभेला गाव असा लोटला की जागा नाही म्हणून लोक जिन्यात उभे राहिले. शाळा वाचली.

पुढे संगणक आले. बाईंचाच विद्यार्थी तेगिद ‘कंदील’चा सचिव झाला. मनाने चांगला, कामाला तत्पर. छपाई शहरातल्या छापखान्यात गेली आणि माझ्यावर पडदा आला. वाईट वाटले, नाही कसे म्हणू? पण पानांचे गठ्ठे इथेच येत, टेबलाभोवतीच्या फेऱ्या चालूच होत्या.

मग एका बैठकीत तेगिदने आनंदाने सांगितले की छापखान्यात पाने लावून घडी घालणारे यंत्र आले आहे, आणि त्याचे वेगळे पैसेही पडणार नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इडवलची बोटे संधिवाताने वाकली होती. त्याला हायसे वाटले. बाईंनीही हात वर केला. कष्ट वाचत होते, कोण नाही म्हणणार?

अंक कोरे करकरीत, रंगीत फोटोंचे, थेट दारात येऊ लागले. लेख जमेनात, म्हणून तेगिद संगणकाकडूनच काही मजकूर लिहून घेऊ लागला. वेल्श शुद्ध असे. नेस्टाची बहीण गेली तेव्हा श्रद्धांजलीत ‘साऱ्या गावाची लाडकी’ असे छापून आले. ती तर जन्मभर साऱ्या गावाशी भांडत होती. पूर्वी टेबलाभोवती यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आले असते आणि मग कुणीतरी खरोखर रडलेही असते. आता नेस्टाने एकटीने तो अंक मिटून ठेवला.

खोलीत गुरुवारचा दिवा लागेनासा झाला. याच काळात शाळेची मापे पुन्हा घेतली गेली. कौन्सिलची सूचना ‘कंदील’मध्ये आलीसुद्धा, आतल्या पानावर, कौन्सिलच्याच सरकारी भाषेत. हरकतीची मुदत कुणाच्या लक्षात न येता सरली आणि शाळेला कुलूप लागले.

त्या दिवशी एलिनेद बाई इथे येऊन रिकाम्या टेबलाशी बसल्या. दिवा का लागला म्हणून पाहायला इडवल आत आला.

“मापं घेणारा माणूस मला दिसला होता, बाई,” तो हळूच म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? मेंढ्यांना?”

 बाईंनी तिथूनच तेगिदला फोन लावला. “पुढचा अंक घडी न घालता पाठवायला सांग.”

“पण बाई, यंत्र फुकटात घालतं की घडी.”

“फुकटात नाही रे तेगिद,” बाई म्हणाल्या. “सुटे कागद पाठव.”

गुरुवारी गठ्ठे आले. माणसे मात्र मोजकीच आली. नेस्टाने पाव आणला तो सवयीने भरपूर, निम्मा उरला. तेगिद उशिरा आला. दूरच्या शाळेच्या बसमधून दमून आलेली त्याची लेक खुर्चीतच झोपली. तो मान खाली घालून पाने लावू लागला. इडवलची घडी नेहमीसारखी वाकडी पडली, पण नेस्टा काही बोलली नाही. मला ते फार लागले.

मित्रांनो, मला शाई घाला, तेल घाला असे मी म्हणणार नाही. माझे दिवस गेले. पण यंत्र तुमचे एखादे काम करू लागले, तर ते काम करताना शेजारी कोण उभे असायचे, तेवढे आठवून पाहा. त्या माणसाला पुन्हा कुठे भेटणार, हे आधी ठरवा. मग खुशाल काम यंत्राला द्या. आमच्या गावाने ते ठरवले नाही, आणि शाळेची घंटा आता अंगणात उतरवून ठेवलेली आहे.

घड्या संपत आल्या तेव्हा इडवल उगाच घसा खाकरत म्हणाला, “काल एक माणूस या चॅपलच्या भिंतींची मापं घेत होता.”

सगळ्यांचे हात थांबले. नेस्टाने सुरी खाली ठेवली. तेगिदने खुर्ची ओढली आणि तो इडवलच्या शेजारी जाऊन बसला.

“सांग,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सांग.”