टेकडीवरचा नियम

"टॉर्च बंद करा! आधी बंद करा!"

दुर्बिणीवरून डोळा न काढताच मी ओरडलो. खालच्या पायवाटेवरून पांढरा उजेड हलत हलत वर येत होता. "केली साहेब, बंद केली," काशिरामचा आवाज आला आणि उजेड विझला.

आमच्या टेकडीवर हा एकच नियम. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढरा झोत पडला की तो अर्धा तास पाण्यात. म्हणून आम्ही आपापल्या टॉर्चला लाल कागद लावायचो. २००९ साली आम्ही खारघरची चार-पाच माणसं दर अमावास्येला कोन गावाच्या पलीकडच्या या टेकडीवर जात असू. काशिराम खालच्या वाडीतला. रात्री तो आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन वर यायचा. त्यालाही लाल कागद द्यायचं दर वेळी ठरायचं आणि दर वेळी राहून जायचं.

मी गोदामातला स्टोअरकीपर. घरी माझं कोणी ऐकत नाही, कामावर तर त्याहून नाही. टेकडीवर मात्र माझा शब्द चालायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

"शैलेशकाका, त्यांना वाट दिसेल का?" आमच्यातल्या मितालीने विचारलं.

"रोजच्या पायाखालची वाट आहे त्याच्या," मी म्हणालो आणि पुन्हा ती पुसट दीर्घिका शोधू लागलो. तीन अमावास्या ती मला हुलकावणी देत होती.

दोन मिनिटांनी खालून "आई गं" असं ऐकू आलं. आम्ही धावलो. काशिराम वाटेतच बसला होता, भाकऱ्यांचं फडकं छातीशी धरून.

"साप हाय, फुरसं. चावलं मला," तो म्हणाला. "तुमी फुडं नका येऊ. तुमाला दिसनार नाय."

मितालीच्या गाडीतून त्याला पनवेलला नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी एकटाच वाडीवर गेलो. त्याची बायको गुणाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. काय बोलायचं ते मी चार वेळा घोकून गेलो होतो.

"वहिनी, टॉर्च मी बंद करायला लावली. मीच ओरडलो त्यांच्यावर."

"ठाव हाय." तिचं सूप थांबलं नाही. "दवाखान्यात बोलले ना ते. मी लय भांडले, कशाला ऐकलं म्हनून. तर मलाच म्हनतात, साहेबांचं काम बिघडलं असतं."

मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचा हक्क नव्हता, म्हणून मान खाली घातली.

"काय काम असतं वो तुमचं तिथं?"

"तारे बघतो."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मंग त्या राती दिसलं का तुमाला?"

त्या रात्री मला काहीही दिसलं नव्हतं.

"दिसलं," मी म्हणालो.

"बरं झालं," गुणाबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.