शिलाई कोणाच्या हाताची?

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. हाताने चाक फिरवून चालवायची. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा काळा रंग आरशासारखा चकाकत होता. एका बाईने मला घरी आणले आणि नऊ वर्षे माझ्यावर झबली, पडदे, उशांचे अभ्रे शिवले. मग तिला छापखान्यात नोकरी लागली आणि मी पलंगाखाली गेले. धूळ साचली, चाक गंजले.

मला बाहेर ओढले ते तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीने. तिने मला तेल पाजले, नवी सुई बसवली. एका नाटक मंडळीचे पोशाख शिवायचे काम तिला मिळाले होते. शाळेतून आली की ती माझ्यापाशी बसे. मिळालेले पैसे ती बँकेत स्वतःच्या खात्यात टाकी. वय लहान म्हणून सोबत आईचे नाव होते.

वर्षाने एक लिफाफा आला. आईने कराच्या विवरणात फक्त आपला पगार दाखवला होता. कर कार्यालयाने विचारले होते : शिलाईचा धंदा तुमचाच असून मुलीच्या नावावर लपवलात का? दंडाचा आकडा वाचून आईने माझ्यावरचे कापड ओढून काढले.

"कर चुकवला म्हणून बोभाटा झाला तर माझी नोकरी जाईल! आजपासून मशीन बंद."

"आई, शिवते मी. मग तू कशी चोर ठरशील?"

"कागद कुठे आहे तसा?"

"कागद नाही ना? मग मशीनच नेऊ."

सुनावणीच्या दिवशी मायलेकींनी मला दोन्ही बाजूंनी धरून तीन जिने चढवले. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिले.

"मशीन कोणाची?"

"माझी," आई म्हणाली.

"मग शिलाईही तुमचीच."

मुलीने पिशवीतून अर्धवट शिवलेला झगा काढला. बाई म्हणाल्या, "बरं. बाही लावून दाखव."

पहिल्याच टाक्याला दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. आईचा हात नकळत पुढे आला.

"तुम्ही हात लावायचा नाही!"

आईने हात मागे घेतला. मुलीने ओठ दाबले, दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू जरा सैल केला आणि चाक फिरवले. माझा एखादा दात अडकला तर? मी जीव मुठीत धरून चालत होते. बाही खांद्याच्या वळणावर अलगद बसत गेली.

बाईंनी शिवणीवरून बोट फिरवले. "हात हिचाच आहे. मेहनतीची कमाई हिची. ती आईच्या उत्पन्नात धरायची नाही. खात्यावरचं व्याज मात्र हाताची कमाई नाही, ते आईने दाखवायचं. तेवढा कर भरा, दंड नाही. आणि पोरी, पुढच्या कामाची पावती स्वतःच्या नावाने घे."

जिना उतरताना आई म्हणाली, "घाबरले गं मी. तुझं कामच बंद पाडायला निघाले होते."

"चाकाकडून धरू नकोस आई, बोट चेमटेल," मुलगी एवढेच म्हणाली आणि जड बाजू तिने आपल्याकडे घेतली.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला, हे तर सांगतेच. पण घरातले कोणी कोवळ्या वयात राबत असेल, तर त्या कष्टांची नोंद त्याच्याच नावाने ठेवा. नाहीतर परक्याच्या टेबलावर आपलाच घाम आपला आहे हे सिद्ध करावे लागते.